लांबच्या प्रवासाला इंधन किती लागेल, हे आधी कसं काढता?

वाटसरू_७
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण एकाच गाडीने निघतोय. जायचे ११०० किमी, यायचे तेवढेच आणि तिथे पोचल्यावर इकडेतिकडे फिरायला २०० धरलेत, म्हणजे एकूण २४००. गाडी पेट्रोल, १.२ लिटरचं इंजिन, सहा वर्षं जुनी. वर्गणी आधीच काढायची असं ठरलंय, बाकीचे आकडे जमले, अडलंय ते पेट्रोलवर. आमच्यातला एकजण म्हणतो कंपनीने २१ चं अ‍ॅव्हरेज सांगितलंय, २४०० भागिले २१, ११४ लिटर, विषय मिटला. मला रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर १३ च्या वर कधी मिळत नाही, त्या हिशोबाने १८५ लिटर होतात. ७० लिटरचा फरक म्हणजे जवळजवळ दोन टाक्या! हिशोब माझ्याकडे आहे म्हणून मला तो नीट व्हायला हवाय, मागाहून परत सगळ्यांकडे पैसे मागायला फार अवघड वाटतं. तुम्ही कसं काढता सांगा प्लीज.

रिकामीटाकी
१५ धरा. १६० लिटर. सुखाने जा.

लांबपल्ला
रिकामीटाकी, अहो असं हवेत कसं सांगता, त्यांच्या गाडीचं काहीच माहीत नसताना?

वाटसरू, २१ ही विसरा आणि १३ ही विसरा. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, ठरलेला वेग, ठरलेला वेळ, एसी बंद, समोरून वारा नाही, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो ठीक आहे, खिशातले पैसे मोजायला नाही. युरोपात तर २०१७ पासून जुनी एनईडीसी चाचणी काढून जास्त कडक डब्ल्यूएलटीपी आणली ती याचसाठी, जुन्या चाचणीतले आकडे रस्त्यावर दिसतच नव्हते. आणि तुमचे १३ हे सिग्नलचे, पहिल्या-दुसऱ्या गिअरचे, थंड इंजिनचे आहेत. हायवेला ते लागू नाहीत.

तुमच्याकडे महिना आहे ना, मग टँक टू टँक करा. टाकी फुल करायची, पाइपचा घोडा पहिल्यांदा कट झाला की थांबायचं. "राउंड फिगर करू का" विचारतात तेव्हा नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य. मग हायवेला एक मोठी फेरी मारून या, निदान तीनशे-चारशे किलोमीटर, आणि जमलं तर त्याच पंपावर त्याच मशीनवर परत पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर, एवढंच. माझ्या गाडीचं मागच्या वेळी ४१२ किमीला २४.६ लिटर बसले, म्हणजे १६.७. हा तुमच्या गाडीचा, तुमच्या पायाचा आकडा.

चौथागिअर
टँक टू टँकला अनुमोदन. एक भर घालतो, कट झाल्यावर पाइप वर काढून परत थोडं थोडं ओतत बसू नका. मोजमाप तर बिघडतंच, शिवाय टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो, गळ्यापर्यंत भरलं तर त्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो. माझ्या एका मित्राची गाडी टाकी भरली की पाच मिनिटं सुरू व्हायला कुरकुर करायची, त्याचं कारण शेवटी हेच निघालं.

निळीशाई
एवढं कशाला करायचं? हल्लीच्या गाड्यांत डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेज दिसतं की. हायवेला रीसेट करा, शंभर किमी चालवा, वाचा.

लांबपल्ला
निळीशाई ताई, तो आकडा बऱ्याच गाड्यांत जरा चढाच असतो. गाडी प्रत्यक्ष पेट्रोल मोजत नाही, इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून हिशोब करते. माझा स्क्रीन १८.२ दाखवत होता तेव्हा हाताने काढलेले १७.० आले. म्हणजे सात टक्के जास्त. पण स्क्रीन टाकाऊ आहे असं नाही म्हणत. एकदा हाताने मोजून तुमच्या स्क्रीनची खोड कळली की मग तेवढे टक्के कमी करून बिनधास्त वापरा. मी आता स्क्रीनला ०.९३ ने गुणतो आणि दोन वर्षं ते बरोबर जुळतंय.

निळीशाई
हे माहीत नव्हतं. माझी तर आठ वर्षं त्याच आकड्यावर श्रद्धा होती. या शनिवारीच मोजते.

वाटसरू_७
सगळ्यांचे आभार. म्हणजे हायवेचं साधारण २० येईल आणि घाटात, गावात १२ येईल असं समजू. मग मधलं १६ धरून २४०० भागिले १६ केलं तर चालेल ना?

अपूर्णांक
नाही चालणार! माफ करा, जरा जोरात बोललो, पण ही चूक इतके लोक करतात की राहवत नाही.

समजा ३०० किमी हायवे आणि ३०० किमी घाट. हायवेला २० ने १५ लिटर, घाटाला १२ ने २५ लिटर. एकूण ४० लिटर आणि ६०० किमी, म्हणजे अ‍ॅव्हरेज १५ आलं, १६ नाही. अंतर सारखं असतं पण पेट्रोल सारखं नसतं, वाईट रस्ता जास्त पितो म्हणून तो सरासरीला आपल्याकडे ओढतो. दोन आकड्यांत जितकी तफावत जास्त तितकी ही चूक मोठी. आणि तुमचं तर हायवे आणि घाटाचं अंतरही सारखं नसणार, तेव्हा सरासरीच्या नादाला लागूच नका. प्रत्येक तुकड्याचे लिटर वेगळे काढायचे आणि मग लिटरची बेरीज करायची. बेरीज लिटरची, अ‍ॅव्हरेजची कधीच नाही.

निळीशाई
अपूर्णांक सर, वर्गात असं शिकवलं असतंत तर मला गणितात बरे मार्क पडले असते.

सातासमुद्री
अपूर्णांक यांनी जे सांगितलं त्यासाठीच मला किमी प्रति लिटरपेक्षा लिटर प्रति १०० किमी आवडतं. इकडे सगळे तसंच बोलतात. २० चं अ‍ॅव्हरेज म्हणजे ५ लिटर, १२ चं म्हणजे ८.३३ लिटर. आता यांची साधी सरासरी घ्या, ६.६७ येते, आणि १०० भागिले ६.६७ म्हणजे १५. बरोबर तेच उत्तर. अंतर सारखं असलं की इथे साधी सरासरी चालते आणि किलोमीटर बघून लगेच सांगता येतं, २४ शतकं गुणिले लिटर.

परदेशात भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी अजून एक बघा. माइल्स पर गॅलन वाचलं तर आधी विचारा कुठला गॅलन. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. ३० माइल्स पर गॅलन म्हणजे अमेरिकन हिशोबाने १२.८ किमी लिटरला आणि ब्रिटिश हिशोबाने १०.६. एका गाडीची माहिती एका देशाच्या साइटवर आणि दुसरीची दुसऱ्या देशाच्या साइटवर वाचून मी चक्क उलटी गाडी निवडली होती, आणि दोन आठवडे जास्तीचं पेट्रोल भरत हिंडलो.

हळूचालक
या धाग्यावर अजून वेगाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एकच रस्ता, ४८० किमी, हायवेच सगळा. जाताना सोबत आई होती म्हणून ८५-९० च्या वर गेलो नाही, २७.१ लिटर लागले. येताना एकटाच होतो, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं म्हणून ११०-११५ ने आलो, ३३.४ लिटर. सव्वासहा लिटर जास्त, त्याच रस्त्याला. आणि वेळ वाचला किती? कागदावर सव्वा तास, प्रत्यक्षात ट्रकांच्या मागे आणि टोलच्या रांगेत जाऊन पन्नास मिनिटं.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून ११० वर गेलात तर वेग वाढतो २२ टक्के पण हवेचा विरोध वाढतो जवळजवळ ५० टक्के. गाडीत पाच जण बसले म्हणून जेवढं पेट्रोल जास्त जाईल त्यापेक्षा किती तरी जास्त या एका गोष्टीने जातं. तेव्हा वाटसरू, चाचणीची फेरी मारताना ज्या वेगाने प्रवासात चालवणार त्याच वेगाने मारा, नाहीतर तिथे ८० ने जाल आणि ग्रुप सोबत असताना १२० ने पळवाल.

घाटवळण
हळूचालक, वेगाचा मुद्दा मान्यच, पण तुमचा प्रयोग पूर्ण नाही वाटत. जायचं टोक आणि यायचं टोक एकाच उंचीवर होती का? येताना चढ असेल तर त्याचंही पेट्रोल त्या सव्वासहा लिटरमध्ये बसलंय. शिवाय वारा कुठून होता, आणि येताना एकटे होतात म्हणजे वजनही कमी.

हळूचालक
चांगला प्रश्न. आत्ता नकाशात उंची बघितली. माझं घर ४०० मीटरने वर आहे, म्हणजे येताना चढ होता हे खरं. वाऱ्याचं आठवत नाही.

घाटवळण
मग त्याचा हिशोब करू या, मला हे करायला फार आवडतं. माणसांसकट गाडी १५०० किलो धरा. ती १००० मीटर वर चढवायला १४.७ मेगाज्यूल ऊर्जा लागते (वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची). एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातली पाव भागाच्या आसपासच चाकापर्यंत पोचवतं, बाकी सगळी उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. म्हणजे लिटरला ८ मेगाज्यूल. १४.७ भागिले ८, पावणेदोन-दोन लिटर. तेव्हा हजार मीटर निव्वळ चढ म्हणजे सपाट रस्त्याच्या हिशोबावर साधारण दोन लिटर जादा, असं मी ठेवतो. तुमच्या ४०० मीटरला पाऊण लिटर. सव्वासहातून ते काढलं तरी साडेपाच लिटर उरतात, म्हणजे तुमचा वेगाचा मुद्दा शाबूत आहे.

हळूचालक
वा! हे मी वहीत लिहून ठेवतो.

दोनचाकी
पण जितकं चढलो तितकं उतरणार ना परत? मग उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की फुकट. मी बाइक तशीच आणतो.

चौथागिअर
नका करू हो असं. हात जोडून सांगतो. एक तर त्यात पेट्रोल वाचतच नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतात, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये शून्य आणि न्यूट्रलमध्ये थोडं का होईना जातंय. आणि दुसरं, इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापून हलके पडताना मी एकदा अनुभवलंय, पेडल दाबतोय आणि गाडी हवी तेवढी धरत नाहीये, तो वास आणि ते दहा सेकंद मी विसरलेलो नाही. ज्या गिअरमध्ये चढता त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा.

दोनचाकी
माझी बाइक जुनी कार्ब्युरेटरवाली आहे, तिला ते इंजेक्टरचं लागू होणार नाही. पण ब्रेकचं पटलं. बंद करतो.

घाटवळण
दोनचाकीच्या प्रश्नाचं राहिलं. उतरताना परत मिळतं, पण सगळं नाही. हलका लांब उतार असेल तर बरंच मिळतं, गाडी पेट्रोल न पिता किलोमीटरमागून किलोमीटर जाते. वळणावळणाचा तीव्र घाट असेल तर आपण ब्रेक दाबत उतरतो, आणि जेवढं ब्रेकमध्ये गेलं तेवढं वाया. म्हणून जाऊन-येऊन प्रवासात मी निम्मं परत आलं असं धरतो.

निळीशाई
आम्ही सामान टपावर टाकतो, कॅरियर कायमचा बसवलेला आहे. त्याचा फरक पडतो का खरंच, की उगाच सांगतात?

हळूचालक
पडतो, आणि हायवेला खूप पडतो. अमेरिकी ऊर्जा विभागाचे आकडे आहेत, टपावरच्या मोठ्या बोजड पेटीने शहरात २ ते ८ टक्के, हायवेला ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किमीच्या वेगाला १० ते २५ टक्के अ‍ॅव्हरेज घसरतं. तेच सामान मागे, गाडीच्या आडोशाला लावलं तर हायवेला १ ते ५ टक्केच. वजन तेच असतं बघा, फरक सगळा हवेचा. ताई, रिकामा कॅरियरही वारा अडवतोच, प्रवास नसेल तेव्हा चार नट सोडून काढून ठेवा.

निळीशाई
नट गंजलेत. पण काढून घेते आता.

मोजपट्टी
उशिरा आलो, धागा छान चाललाय. दोन-तीन गोष्टी राहिल्यात.

पहिली, नकाशावरचं अंतर म्हणजे तुमचं अंतर नाही. वाट चुकणं, पंपासाठी आत वळणं, मुक्काम गावाच्या दुसऱ्या टोकाला असणं, कोणाला तरी धबधबा बघायचा असणं. माझ्या गेल्या सहा-सात प्रवासांच्या नोंदी आहेत, नकाशापेक्षा कमी कधीच झालं नाही, पाच ते दहा टक्के जास्तच.

दुसरी, उभ्या गाडीचं पेट्रोल. छोटं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं, एसी लावला की लिटरच्या आसपास. तीन तास जाममध्ये अडकलात की अडीच-तीन लिटर गेले आणि मीटर जागचा हलला नाही.

तिसरी, टायरची हवा. दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यावर बहुतेक दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा. पाच जण आणि डिकी भरून जाताना दुसरा आकडा ठेवायचा, आणि सकाळी टायर थंड असताना भरायची. पेट्रोलपेक्षाही टायर तापून फुटू नये म्हणून हे करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिशोब लिटरमध्येच ठेवा, पैशात शेवटच्या ओळीत आणा. दर रोज बदलू शकतो, या पंपावर वेगळा आणि पुढच्या पट्ट्यात वेगळा, पण तुमच्या गाडीला लागणारे लिटर दराप्रमाणे बदलत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी वाटेवरचा सगळ्यात महाग दर बघायचा आणि त्याने गुणायचं.

रिकामीटाकी
सकाळी लवकर पेट्रोल भरा, थंड असतं, जास्त बसतं. हे पण लिहा.

अपूर्णांक
हे मी पण लहानपणापासून ऐकत आलोय, पण आकडे तपासले तर टिकत नाही. पेट्रोल १० अंश तापलं की आकारमानाने साधारण १ टक्का फुगतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारमध्ये तापमान जेमतेम हलतं. म्हणजे टक्क्याच्या दहाव्या भागाचा हिशोब. त्यासाठी झोपमोड नको. सकाळी निघालात तर रस्ता मोकळा मिळेल, त्यात जास्त वाचेल.

विजेवरचा
ईव्हीवाल्यांसाठी पण लिहितो, कारण गणित तेच असलं तरी खाचखळगे वेगळे आहेत. माझी गाडी हायवेला १०० किमीला १६ युनिट दाखवते. पण चार्जरचं बिल बघितलं तर दर वेळी १० ते १५ टक्के जास्त, कारण चार्ज होताना उष्णतेत, बॅटरी गार ठेवण्यात वीज जाते आणि पैसे चार्जरने दिलेल्या विजेचे पडतात. म्हणून खर्चासाठी मी १८ धरतो आणि पल्ल्यासाठी १६. पेट्रोलच्या उलट, ईव्ही गावात कमी खाते आणि हायवेला जास्त, तेव्हा रोजच्या आकड्यावर हायवेचा पल्ला काढलात तर वाटेत अडकाल. शिवाय ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, म्हणून वाटेत ८० पर्यंतच करून पुढे निघायचं.

सीएनजीवाल्यांनो, तुमचं अ‍ॅव्हरेज किलोला असतं, लिटरला नाही. पेट्रोलच्या आकड्याशेजारी ठेवून फुशारकी मारू नका, थेट तुलना होत नाही.

सातासमुद्री
त्यावरून आठवलं, पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे तेही बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. १० टक्के मिसळलेलं असेल तर त्या लिटरमध्ये ३ टक्क्यांच्या वर ऊर्जा कमी, २० टक्के असेल तर ६-७ टक्के. जुनं अ‍ॅव्हरेज शुद्ध पेट्रोलवर मोजलेलं असेल तर तो आकडा आता मिळणार नाही, परत मोजा.

वाटसरू_७
किती काही कळलं. आता जरा बाजूचा प्रश्न, गाडी माझी आहे. पेट्रोलचे पाच भाग करायचे की चार? एकजण म्हणाला गाडीवाल्याने भरायचं नसतं.

दोनचाकी
चार. गाडी तुमची झिजते.

मोजपट्टी
पाच. तुम्ही पण प्रवास करताय ना. पण झीज वेगळी धरा. २४०० किमी म्हणजे टायरच्या आयुष्यातला तुकडा गेला, सर्व्हिसिंग तेवढं जवळ आलं, ऑइल जुनं झालं. मी पेट्रोल सगळ्यांत समान वाटतो आणि किलोमीटरमागे एक छोटी रक्कम गाडीच्या नावाने वेगळी काढतो, निघायच्या आधी सांगून. आधी सांगितलं की कोणालाच खटकत नाही.

चौथागिअर
मोजपट्टींशी सहमत. आमचा एक जुना ग्रुप यावरूनच फुटला. गाडीवाला दर वेळी गप्प बसायचा आणि मनात धरून ठेवायचा, तिसऱ्या प्रवासानंतर एकदम बोलला. आम्हाला कोणाला कल्पनाच नव्हती त्याने क्लच बदलून घेतला होता म्हणून. आजही वाईट वाटतं. वाटसरू, तुम्ही स्पष्ट बोला.

लांबपल्ला
टाकीचंही बोलून घेऊ. वाटसरूंची टाकी ३५-३७ लिटरची असेल. १६ ने ५९० किमी होतात म्हणून ५९० वर भरवसा ठेवून निघू नका. ४५० झाले की भरायची. सामसूम पट्टा लागणार असेल तर त्याच्या आधीच्या शेवटच्या पंपावर, निम्मी टाकी असली तरी. इंधनाचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो, सारखी रिझर्व्हवर चालवली तर तो लवकर जातो.

वाटसरू_७
फेरी मारून आलो. ३४६ किमी, २०.३ लिटर, म्हणजे १७.० हायवेला, चार जण बसवून, ९० च्या आसपास. घाटाचं वेगळं मोजता आलं नाही, लांबपल्ला आणि घाटवळण यांच्याशी बोलून १२ धरलं. गावातलं माझं १३ आहेच.

हायवे १९०० किमी, ११२ लिटर. घाट ३०० किमी, २५ लिटर. तिथली भटकंती २०० किमी, साडेपंधरा लिटर. बेरीज १५२. मोजपट्टींच्या सांगण्यावरून चुकलेली वाट आणि जाम यासाठी १० टक्के वर, म्हणजे १६७ लिटर. हाच आकडा ग्रुपला दिला, महाग दराने गुणून. २१ वाल्या मित्राला कागद दाखवला, तो काहीच बोलला नाही, पैसे पाठवले. पाच भाग केले, आणि गाडीची झीज वेगळी, आधी सांगून. परवा पहाटे निघतोय.

निळीशाई
शुभ प्रवास! आल्यावर खरे लिटर नक्की लिहा. मी मोजलं माझं, स्क्रीन १९.१, हाताने १७.६.

वाटसरू_७
आलो. सगळे सुखरूप.

गाडी चालली २५३१ किमी, म्हणजे ठरल्यापेक्षा १३१ जास्त, त्यातले साठ एक चुकीच्या वळणाचे. पेट्रोलच्या सगळ्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पिनने लावून ठेवल्या होत्या. निघताना टाकी फुल आणि घरी आल्यावर परत त्याच मशीनवर फुल. २८.४, ३१.२, २२.७, २९.५, २६.१, २३.९. एकूण १६१.८ लिटर, अ‍ॅव्हरेज १५.६. धरले होते १६७, उरलेले पैसे सगळ्यांना परत केले. परत मागायच्या ऐवजी परत द्यायला फार बरं वाटलं.

एक कोडं आहे. तिसऱ्या भरण्याला ४१५ किमीला २२.७ लिटर, म्हणजे १८.३ आलं आणि आम्ही गाडीत टाळ्या वाजवल्या. पुढच्याला ४२४ किमीला २९.५, म्हणजे १४.४. रस्ता तोच, वेग तोच, माणसं तीच. मी घाबरलो, वाटलं गळती आहे की काय, गाडी थांबवून खाली वाकून बघितलं.

लांबपल्ला
अभिनंदन! गळती नाही, तिसऱ्या पंपाचा घोडा लवकर कट झाला. मशीनचा जोर जास्त असेल किंवा जागा उतरती असेल तर फेस वर येऊन आधीच कट होतो. टाकी खरं तर तीन-साडेतीन लिटरने कमी भरली, ते चौथ्या भरण्यात बसले. दोन्ही मिळून बघा, ८३९ किमीला ५२.२ लिटर, १६.१. सरळ आहे. म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, तीन-चार टाक्या एकत्र धरायच्या.

रिकामीटाकी
मी पहिल्याच प्रतिसादात १६० लिटर सांगितले होते. पावणेदोन लिटरनेच चुकलो.

अपूर्णांक
रिकामीटाकी, हे मान्य करावंच लागेल. पण १५ आलं कुठून ते सांगा ना.

रिकामीटाकी
बावीस वर्षं छोट्या पेट्रोल गाड्याच चालवतोय, चार बदलल्या. भरलेली गाडी, थोडा घाट, थोडा हायवे, एसी चालू, प्रत्येक वेळी १५ आणि १६ च्या मध्येच आलंय. डिझेलला किंवा मोठ्या गाडीला मी काही सांगितलं नसतं.

मोजपट्टी
म्हणजे तुम्ही पण टँक टू टँकच केलंय, बावीस वर्षं. वाटसरू, सामान टपावर होतं की आत?

वाटसरू_७
सगळं आत. एक बॅग शेवटपर्यंत मागच्या सीटवर मधल्याच्या पायाखाली होती, दर दोन तासांनी जागा बदलायचो. हवा भरलेल्या गाडीच्या आकड्याला ठेवली होती, आज सकाळी परत साध्याला आणली.